तळघरातल्या सोडा मशीनबद्दल थोडं

३०० डॉलरला जुनं कोकचं मशीन (नाणं टाकलं की थंड कॅन देणारं) मिळतंय, बेसमेंटमध्ये ठेवायचंय, म्हणालात. आधी टेप घेऊन जिना मोजा! रिकामं मशीनसुद्धा अडीचशे-तीनशे किलोचं धूड असतं. आम्ही चौघं आणि भाड्याची ढकलगाडी, तरी भिंतीचा पोपडा गेलाच. शेवटी मशीनचा पुढचा दरवाजा बिजागरीतून काढला, तेव्हा कुठे ते आत सरकलं. वाटेत आडवं करावं लागलं तर नंतर दिवसभर उभं ठेवून मगच चालू करा, कॉम्प्रेसरमधलं तेल खाली बसायला वेळ लागतो.

विकणाऱ्याला ते आदल्या रात्रीपासून चालू ठेवायला सांगा. दिवा लागतो म्हणजे थंड होतं असं नाही, आतला कॅन हातात घेऊन बघा. लेबलवर आर-१२ (थंड करणारा जुना गॅस) लिहिला असेल तर मी हात लावणार नाही. अमेरिकेत त्याचं उत्पादन १९९५ अखेर थांबलं, गळती निघाली तर खर्च मशीनपेक्षा जास्त. त्याच्या जागी आलेला आर-१३४ए असेल तर ठीक.

किल्ली मिळतेय ना? नाहीतर कुलूप ड्रिल करावं लागेल.

नाण्यांची यंत्रणा बिघडलेली असली तरी अडत नाही, बऱ्याच मशीनमध्ये किंमत शून्य ठेवता येते. (आमच्याकडे मुद्दाम २५ सेंट ठेवलेत, मुलांचा सोडा निम्म्यावर आला.) बाटल्या आणि कॅन दोन्ही हवे असतील तर रकान्यातले स्पेसर (रकान्याचं माप कमी-जास्त करणाऱ्या पट्ट्या) आहेत का पाहा.

विजेचं मात्र बघा हं, जुनी मशिनं वर्षाला ३,००० युनिटसुद्धा खातात. मी पुढच्या दिव्याची ट्यूब काढूनच टाकलीय.