मदत हवी आहे: गच्चीवरच्या खोलीत रंगीत चित्रखोली करायची आहे, पण रंगच आडवा येतोय

धागाकर्ती

नमस्कार. इथे बरीच वर्षं नुसती वाचते आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. लांबलं तर सांभाळून घ्या.

आम्ही पारोळ्याचे. पुढचं घर जुनं धाब्याचं, मागे स्लॅब टाकून वर एक खोली काढलेली. दहा बाय अकरा फूट. इतकी वर्षं तिथे जास्तीच्या बाजा, गोधड्यांचं गाठोडं, कूलरच्या जुन्या ताट्या आणि एक मोडकं शिलाई मशीन असा संसार होता. लेक पुण्याला शिकायला गेली आणि दिवाळीत सासूबाई आपणहून म्हणाल्या, वरची खोली तू घे. अट एकच. बिबड्यांच्या, म्हणजे ज्वारीच्या पापडांच्या दिवसांत गच्ची त्यांची. "मना बिबडासवर तुना कागद उडीसन येवाले नको," एवढं बजावून त्या खाली गेल्या.

माझं म्हणाल तर चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेला ए ग्रेड होती, एटीडीला (चित्रकला शिक्षकाच्या पदविकेला) प्रवेशही घेतला होता, मग लग्न झालं. पुढचं तुम्हाला माहीत आहे. आता स्वतःपुरतं ॲक्रिलिक आणि जलरंग करते. शिवाय गल्लीतली सहा मुलं चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेच्या तयारीला यायची म्हणतात.

खोलीला दार पूर्वेला, साडेतीन फुटांची खिडकी उत्तरेला, एक छोटी खिडकी पश्चिमेला. खाली शहाबादी फरशी. प्लगचा पॉइंट एकच. हातात वीस हजार रुपये आहेत, त्यातले तीन मी आधीच घालवले, ते कसे ते सांगते.

मला पांढरीफटक खोली नको होती. दवाखान्यात बसून चित्र काढल्यासारखं वाटतं. म्हणून उत्साहाच्या भरात तीन भिंतींना राणी रंग दिला, चकाकणारा, पुसता येणारा. दिसायला इतका झकास की शेजारच्या वहिनी फोटो काढून घेऊन गेल्या. मग पहिलं चित्र केलं. भरताच्या वांग्यांचं, मोबाइलमधल्या फोटोवरून. आपल्याकडची ती हिरवी-पांढरी वांगी. कितीही हिरवा घातला तरी कागदावर मळकट दिसायचा, म्हणून आणखी घालत गेले. शेवटी खाली अंगणात उजेडात नेलं तर ताटात वांगी नाहीत, पोपट बसलेले! सासरे म्हणाले, चांगलेत, कोणते पक्षी?

तर भिंती पुन्हा पांढऱ्या कराव्या लागणार का? रंगीत खोलीत काम करताच येत नाही का? आणि दुसरा प्रश्न उन्हाचा. एप्रिलमध्ये त्या खोलीत ॲक्रिलिक ब्रशवरच वाळतं, मे महिन्यात तर मीच वाळेन. एसी परवडणार नाही, आणि माझ्या एकटीच्या चित्रांसाठी एसी लावला तर घरात काय बोलतील ते ऐकायची ताकद नाही. अनुभवी लोकांनी सांगावं.

तापीकाठची

ताई, पोपट वाचून हसले, पण चूक तुमची नाही, भिंतीची आहे. मी चोपड्याला शाळेत चित्रकला शिकवायचे, आता निवृत्त. खिडकीतून येणारा उजेड आधी भिंतीवर पडतो आणि तिथून उसळून कागदावर येतो. भिंत राणी तर उजेडही राणी. तशा उजेडात हिरवा मरतो, राखाडी दिसतो. मोबाइलचा पडदा मात्र स्वतःच्या उजेडाने चमकतो, त्याला भिंतीची बाधा नाही. तुम्ही पडद्याशी कागद जुळवायला गेलात आणि हिरवा ओतत राहिलात. समोर खरी वांगी ठेवली असती तर एवढं फसलं नसतं, कारण वांगी आणि कागद दोन्ही एकाच राणी उजेडात असते.

सगळं पांढरं करायची गरज नाही. चित्र जिथे उभं राहणार त्याच्या आजूबाजूचं आणि खिडकीच्या समोरचं, म्हणजे दक्षिणेची भिंत, एवढ्या दोन जागा फिक्या हव्यात. छतही पांढरं. त्यातही अगदी शुभ्र नको, किंचित राखाडीकडे झुकणारा फिका रंग घ्या, आणि चकाकी अजिबात नको. चकाकीने ओल्या जलरंगावर खिडकीचं प्रतिबिंब दिसत राहतं. उरलेल्या भिंतीवर कमरेच्या खाली हवा तेवढा रंग खेळवा. दार, चौकटी, फळ्या, स्टूल, सगळं रंगवा. डोळ्याला रंग मिळतो, कागदाला त्रास होत नाही.

आणि रंग विकतच आणायला हवा असं थोडंच आहे? भिजवून गाळलेल्या चुन्यात गेरू कालवा, पिवळी माती कालवा, थोडा फेविकॉल घाला म्हणजे हाताला लागत नाही. आपल्या आज्या हेच करायच्या. अजिंठा जळगावहून साठेक किलोमीटरवर आहे, तिथल्या भिंतींवरही गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी, चुना हेच मुख्य. बाहेरून आणावा लागला तो निळा दगड. चुन्याची भिंत मंद दिसते, चकाकत नाही. फक्त चकाकणाऱ्या रंगावर चुना धरत नाही, आधी पॉलिश पेपरने भिंत खरवडून घ्या. हे काम कंटाळवाणं आहे, मुलांना बोलवा.

उत्तरेच्या खिडकीबद्दल एक. पुस्तकांत लिहिलेलं असतं की उत्तरेचा उजेड दिवसभर सारखा, ऊन कधी येत नाही. ते थंड मुलखातल्या लोकांनी लिहिलेलं. आपण २१ अंश अक्षांशावर, कर्कवृत्ताच्या खाली. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात सूर्य बरोबर डोक्यावर येतो, आणि पुढे जुलैच्या मध्यापर्यंत भरदुपारीही तो जरासा उत्तरेकडेच असतो. सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन तर उन्हाळाभर उत्तरेच्या खिडकीतून आत येतं. तेव्हा खिडकीला मांजरपाटाचा पांढरा पडदा लावा. शेडनेट लावू नका! केळीच्या रोपवाटिकेची हिरवी जाळी स्वस्त मिळते म्हणून लोक खिडकीवर ताणतात, मग पुन्हा पोपट.

धुळेकर_भाऊ

खोलीचं सोडा, वांग्यांचं चित्र इथे टाका.

सुतारपक्षी

भुसावळ. पेशाने सुतार नाही, रेल्वेत आहे, पण हाताला खाज.

टेबल विकत घेऊ नका. जुन्या बाजारात मोडलेल्या घराचं दार शोधा, शक्यतो सागाचं. दोन घोड्यांवर आडवं टाकलं की सात फुटांचं टेबल. उंची तीस इंच, उभ्याने काम करायचं तर छत्तीस. मुलांना टेबल नकोच, फरशीवर बसून पुढे उतरता पाट पुरतो, परीक्षेचा ड्रॉइंग बोर्ड तरी वेगळा काय असतो. इझल सुताराकडून कडुनिंबाचं करून घ्या, त्याला वाळवी सहसा लागत नाही. तीन पायांचं सांगा, चार पायांचं शहाबादीवर डुगडुगतं.

मांडणीसाठी केळीचे प्लास्टिक कॅरेट. आपल्याकडे त्यांना काय तोटा! आडवे रचून एकमेकांना वायरीने बांधा, बाटल्या, बोळे, जुने ब्रश सगळं दिसेल असं राहतं. भिंतीपासून मात्र चार बोटं पुढे ठेवा. कागदाचा गठ्ठा भिंतीला चिकटून ठेवलात तर पावसाळ्यानंतर वाळवी त्यात गाव वसवते. माझ्या मुलीची सातवीपासूनची चित्रं अशीच गेली. गुंडाळायच्या कागदांसाठी चार इंची पीव्हीसी पाइपाचे तुकडे.

लाइट: प्लग एक असला तरी चालेल, ट्यूब दोन लावा, डाव्या आणि उजव्या बाजूला, नाहीतर हाताची सावली कागदावर पडते. डब्यावर सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९० किंवा वर लिहिलेलं आणि ५००० ते ५५०० केल्विन असं बघून घ्या. नेहमीची 'कूल डे लाइट' ६५०० ची असते, निळसर. दुकानदार म्हणेल सगळ्या सारख्याच. नाहीत.

धागाकर्ती

तापीकाठच्या ताई, तुम्ही सांगितलं ते वाचून आधी रडू आलं, मग पॉलिश पेपर आणला. राणी रंग पूर्ण घालवायचा नाही असं ठरवलंय. पश्चिमेची भिंत, जी चित्राच्या मागे येते आणि जिच्यावर थेट उजेड कमी पडतो, तिथे कमरेपर्यंत तो तसाच ठेवते. चालेल ना?

भाऊ, वांगी टाकणार नाही.

उन्हाचं कोणीच बोललं नाही.

दादरची_भाकरी

उन्हाचं मी बोलते, मी नंदुरबारला पत्र्याखाली दहा वर्षं काढली आहेत.

वहिनी, स्लॅब दुपारी नाही छळत, संध्याकाळी छळतो. दिवसभर ऊन पितो आणि सहानंतर ते खाली ओतायला लागतो. म्हणून मुलांचा वर्ग उन्हाळ्यात संध्याकाळी ठेवूच नका, सकाळी सात ते नऊ ठेवा. तसंही एलिमेंटरीची परीक्षा सहसा सप्टेंबरच्या आसपास, खरी घाई पावसाळ्यात. वर छपरावर चुन्याचे दोन हात मारा, मार्चमध्ये, पुन्हा दरवर्षी. फरक पायाला चटके बसतात की नाही यावरूनच कळतो. पराट्या (कपाशीच्या वाळक्या काड्या) पसरू नका, लोक सुचवतील. एक ठिणगी पुरते.

ॲक्रिलिकसाठी: चपटा झाकणाचा डबा घ्या, तळाला ओलं फडकं किंवा पातळ स्पंज, त्यावर बटर पेपर, त्यावर रंग. काम थांबलं की झाकण. रंग दोन-तीन दिवस ओला राहतो. इस्त्रीवाल्याकडे असते तशी फवाऱ्याची बाटली जवळ ठेवा. कूलर लावणार असाल तर झोत चित्रावर नको, दाराकडे तोंड करून ठेवा. दमट हवेने ॲक्रिलिक खूश होतं पण जलरंगाचा कागद फुगतो. ३०० जीएसएमचा, म्हणजे जाड कागद घ्या आणि चारी बाजूंनी पट्टीने बोर्डाला चिकटवून मगच ओला करा. साधा कार्ट्रिज पेपर फक्त मुलांच्या पोस्टर कलरला.

पाणी तुमच्याकडे किती दिवसांआड येतं? आमच्याकडे तीन. दोन डबे ठेवायचे, पहिल्यात ब्रश बुचकळायचा, दुसऱ्यात खंगाळायचा. दुसऱ्याचं पाणी उद्याचं पहिलं. बोअरचं पाणी जलरंगाला वापरू नका, वाळल्यावर पांढरट राहतं, फिल्टरचं घ्या. पेलाभर तर लागतं.

तापीकाठची

धागाकर्तीस: चालेल. पण त्या भिंतीसमोर आरसा किंवा काच लावू नका.

एक महत्त्वाचं राहिलं. पुढे कधी तैलरंग करावेसे वाटले तर त्या खोलीत करू नका, निदान मुलं येतात तोवर. टर्पेंटाइनचा वास दहा बाय अकरात मावत नाही. आणि जवसाच्या तेलाची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकली तर ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात, काडी न लावता. ४४-४५ अंशांच्या मे महिन्यात तर विषयच नको. एकेक करून मोकळ्यावर पसरून वाळवायची, नाहीतर पाणी भरलेल्या झाकणाच्या डब्यात.

चाळीसगावकर

तांत्रिक मला काही कळत नाही. पण धागाकर्तीने वेळ काढून आमच्या गावी यावं, स्टेशनजवळ केकी मूस यांचं घर आहे, आता संग्रहालय. छायाचित्रकार, चित्रकार, आणखी बरंच काही. १९८९ मध्ये गेले, त्याआधी कित्येक दशकं घराबाहेर जवळजवळ पडलेच नाहीत. टेबलावर छोट्या वस्तू मांडून त्यांनी अख्खी दृश्यं उभी केली आणि त्यांचे फोटो काढले, ते बघताना टेबल आहे हे पटतच नाही. दहा बाय अकरा पुष्कळ झालं हो.

सुतारपक्षी

फरशीवर अंथरायला काय करताय? शहाबादीच्या भेगांतला रंग निघत नाही. जुना फ्लेक्स मागा कुठल्याही कार्यकर्त्याकडे, निवडणूक झाली की फुकट देतात. उलटा टाकायचा.

धागाकर्ती

सव्वा महिन्याने परत आले, कारण धागा अर्धवट सोडून जाणाऱ्यांचा मला स्वतःला राग येतो.

भिंती खरवडायला पाच रविवार गेले. सहाही मुलं आली, चौथ्या रविवारी दोनच आली. दक्षिण आणि उत्तर फिकी केली, पूर्वेला दाराभोवती चुन्यात पिवळी माती. पहिल्या हाताला डाग पडले, मला ते आवडले, दुसरा हात दिलाच नाही. दार निळं. दार-टेबल मिळालं, पण सागाचं नाही, बाभळीचं, तिघांनी मिळून जिना चढवलं. कॅरेट शेजारच्या आप्पांनी दिले, पैसे घेतले नाहीत, बदल्यात त्यांच्या नातीला फुकट शिकवायचं ठरलंय. दोन्ही ट्यूब जळगावला फुले मार्केटच्या पुढे फिरून फिरून मिळाल्या. एकूण खर्च राणी रंग धरून पंधरा हजारांच्या आत.

वांगी पुन्हा काढली. या वेळी सासूबाईंनी भरताला आणलेली समोर ठेवून, आणि भाजायला न्यायच्या आधी संपवायची घाई करत. खाली अंगणात नेली. सासरे म्हणाले, देठ जास्त लांब झालाय. म्हणजे वांगी ओळखली.

एक नवीन अडचण आहे. वाळवणं सुरू झाली आहेत आणि सासूबाई दुपारी सावलीला माझ्याच खोलीत येऊन बसतात. त्यांना निळं दार आवडलंय. काल त्यांनी केळीच्या एका कॅरेटमधले माझे ब्रश बाजूला करून तिथे बिबड्यांची चाळण ठेवली. यावर उपाय कोणी विचारत नाहीये, नुसतं सांगितलं.

आणि सुतारपक्षी दादा, फ्लेक्स मिळाला. अकरा बाय दहा, तंतोतंत बसतो. उमेदवार पडले, फ्लेक्स मात्र मजबूत निघाला.