शब्दचर्चा : ‘ए-४’ लिहावे की ‘अ-४’?

शिक्षिका, बेळगाव :
शाळेच्या हस्तलिखितासाठी मी वाफेच्या इंजिनांवरील एका इंग्रजी लेखाचा अनुवाद करीत आहे. ब्रिटिश इंजिन-रचनाकार नायजेल ग्रेस्ली यांच्या ‘ए-४’ वर्गातील ‘मॅलार्ड’ या इंजिनाने ३ जुलै १९३८ रोजी ताशी १२६ मैलांचा वेग गाठला, हे वाक्य वाचताच सातवीतल्या मुलीने विचारले, “बाई, ए-फोर म्हणजे झेरॉक्सचा कागद ना?” तिचे चुकले नाही, गल्लीतल्या दुकानात ‘ए-फोर की लीगल?’ हेच तिच्या कानावर पडते. ज्येष्ठ सहकाऱ्यांनी मात्र ‘ए’ खोडून ‘अ-४’ केले. कोणते रूप योग्य मानावे, आणि अक्षर व आकडा मिळून होणाऱ्या अशा नावाला मराठीत एकच शब्द कोणता? ‘संकेतांक’ हा शब्द मला पिनकोडाच्या वळणाचा वाटतो.

निवृत्त मुख्याध्यापक, खानापूर :
आपल्या सहकाऱ्यांचे बरोबर आहे. आपण सातवी ‘अ’ तुकडी म्हणतो, ‘क’ जीवनसत्त्व म्हणतो, ‘ब-१२’ही म्हणतो. जिथे अक्षर केवळ क्रम दाखवते, तिथे आपल्या वर्णमालेतील अक्षर घालण्याची ही रीत मराठी शाळांनी रुजवली आहे. सीमाभागात मराठीचा वर्ग चालवणाऱ्याने तरी ती सोडू नये.

रेल्वेतील निवृत्त कर्मचारी, लोंढा :
गुरुजी, आपला नियम मान्य आहे, पण तो इथे लागू होत नाही, कारण इथले अक्षर क्रमाचे नाही. ग्रेस्ली यांच्या रेल्वे कंपनीत ‘ए’ हे अक्षर ४-६-२ (पुढे चार, मध्ये सहा, मागे दोन) अशी चाकांची मांडणी असलेल्या इंजिनांना दिलेले होते. आमच्या मीटरगेजवरच्या ‘वायडीएम-४’चेही तसेच आहे : ‘वाय’ म्हणजे मीटरगेज, ‘डी’ म्हणजे डिझेल आणि ‘एम’ म्हणजे मालगाडी व प्रवासी गाडी दोन्ही ओढणारे. त्याचे ‘य-ड-म’ केले असते, तर शेडमध्ये कोणालाच काही कळले नसते.

अनुवादक, निपाणी :
हाच मुद्दा पुढे नेते. अमेरिकेच्या ‘ए-४ स्कायहॉक’ विमानातील ‘ए’ हल्ल्यासाठीच्या इंग्रजी शब्दाचा आहे. जर्मनांचे ‘व्ही-२’ म्हणून कुप्रसिद्ध झालेले अग्निबाण मुळात ‘ए-४’ होते आणि तिथला ‘ए’ ‘आग्रेगाट’ या जर्मन शब्दाचा आहे. १९९४ पासून ऑडीची मोटारही ‘ए-४’ या नावाने निघू लागली. अक्षर एकच असले तरी प्रत्येक ठिकाणी त्याचे कूळ निराळे आहे. कागदाचा आकडा तर फार सुंदर आहे : एक चौरस मीटरचा ए-० कागद चार वेळा निम्मा केला की २१० × २९७ मिलिमीटरचा ए-४ हाती येतो, आणि बाजूंचे प्रमाण प्रत्येक घडीनंतर तेच राहते. मुलांना हे घडी घालूनच दाखवावे.

संवादिनीवादक, बेळगाव :
यात एक भर घालतो. पाश्चात्त्य पद्धतीत ४४० हर्ट्झच्या स्वरालाही ‘ए-४’ म्हणतात. आम्ही त्या पट्टीला ‘अ’ही म्हणत नाही आणि ‘ए’ही म्हणत नाही, आम्ही ‘पांढरी सहा’ म्हणतो आणि गायकाला तेवढे पुरते. परके अक्षर उसने न घेता, डोळ्यांसमोरच्या पट्टीचा रंग आणि क्रम घेऊन मराठीने आपले नाव घडवले. माझ्या मते खरे मराठीकरण ते हेच.

निवृत्त मुख्याध्यापक, खानापूर :
‘पांढरी सहा’चे उदाहरण मला मनापासून पटले. तरीही ‘ए’बद्दलची माझी अडचण उच्चाराची आहे. कन्नडात ऱ्हस्व आणि दीर्घ असे दोन ‘ए’ आहेत आणि आमची मुले दोन्ही लिप्या शिकतात. मराठीतला एकच ‘ए’ कसा वाचावा, असा प्रश्न ती खरोखर विचारतात. ‘अ’ लिहिले की तो प्रश्न उरत नाही.

अनुवादक, निपाणी :
ज्या शब्दाचा शोध चालला आहे, त्याचा मासला आपल्या घरातच असावा. कागल तालुक्यातील आमच्या शेताचे कागद म्हणजे ‘सातबारा’ आणि ‘आठ-अ’. गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा हे दोन आकडे जुळून नाम तयार झाले, त्याला लिंग मिळाले, विभक्ती लागली : सातबाऱ्यावर, सातबाऱ्याला. अशा नावाला मी ‘अंकनाम’ म्हणेन. इकडच्या, कर्नाटकातल्या शेताचा मात्र आम्ही ‘उतारा’ काढतो.

शिक्षिका, बेळगाव :
‘अंकनाम’ आवडले, पण त्यात अक्षराची दखल राहत नाही. शनिवारी हस्तलिखिताची बांधणी आहे. तोवर ‘ए-४ वर्गाचे इंजिन’ असे लिहून समासात चाकांची मांडणी काढून ठेवते.

रेल्वेतील निवृत्त कर्मचारी, लोंढा :
‘उताऱ्या’वरून आठवले. बेळगाव जिल्हा १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता आणि आमचे आजोबा शेवटपर्यंत ‘सातबारा’च म्हणत, वडील मात्र ‘पहाणी’ म्हणू लागले. चिकोडीकडच्या घरांत जुना शब्द अजून बोलला जातो का?