मदत हवी आहे: पीकविम्याच्या नोकरीतून शेती पत्रकारितेत जायचंय (नागपूर)

नमस्कार मंडळी,

वय ३४, मुक्काम नागपूर, मानेवाड्याकडे. शिक्षण बी.एस्सी. कृषी. एका खासगी विमा कंपनीच्या पीकविमा विभागात नोकरीला आहे. पगार तारखेला होतो, ऑफिसात एसी आहे, वरचे साहेबही तसे बरे आहेत. तरी ही नोकरी सोडून पत्रकारितेत, त्यातही शेतीच्या बातमीदारीत जायचं मनात पक्कं होत चाललंय. नवरा म्हणतो बघ, पण घराचा हप्ता लक्षात ठेव. सासूबाई सरळ विचारतात, "चांगली नोकरी सोडून पेपरात काहून जाऊन राहिली तू?" त्यांना पटेल असं उत्तर माझ्याजवळ नाही, म्हणून इथे विचारतेय.

नोकरीत नेमकं काय खुपतं ते सांगते, नाहीतर "सगळ्यांनाच कंटाळा येतो" असं कोणीतरी लिहीलच. राज्यातली एक रुपयाची पीकविमा योजना २०२३ च्या खरिपात आली आणि २०२५ मध्ये बंद झाली. आता शेतकऱ्याला विमा रकमेच्या खरिपाला २ टक्के, रब्बीला दीड टक्का आणि नगदी पिकांना ५ टक्क्यांपर्यंत हप्ता भरावा लागतो, आणि भरपाई पीक कापणी प्रयोगावर, म्हणजे काही निवडक शेतांत पीक कापून-मोजून काढलेल्या उत्पादनावर, ठरते. म्हणजे तुमच्या वावरात काय झालं यापेक्षा तुमच्या महसूल मंडळाची (तालुक्यातल्या काही गावांच्या गटाची) सरासरी काय आली, हे महत्त्वाचं. मागच्या सात वर्षांतली चांगली पाच घ्यायची, त्यांच्या सरासरीचे ७० टक्के काढायचे, ते झालं उंबरठा उत्पादन. समजा पाच वर्षांची सरासरी हेक्टरी १० क्विंटल, तर उंबरठा ७. यंदा मंडळाची सरासरी ७.२ आली तर कोणालाच दमडी नाही, मग नाल्याकाठच्या माणसाची सोयाबीन मुळासकट वाहून गेलेली का असेना. ५.६ आली तर ती उंबरठ्यापेक्षा २० टक्के कमी, म्हणून विमा रकमेच्या २० टक्के.

हे एवढंच गणित आहे. सातवीच्या पोराला समजेल. पण नरखेड-काटोलकडून फोन येतो, "मॅडम, माझं वावर खरडून गेलं, शेजारच्या मंडळात पैसे आले, आमच्यात काहून नाही?" तेव्हा मला स्क्रीनवरचं ठरलेलं वाक्य वाचून दाखवायचं असतं: आपले मंडळ भरपाईस पात्र नाही. त्यापुढे बोलायची परवानगी नाही. कॉल रेकॉर्ड होतात. आधी स्वतःच्या वावरातल्या नुकसानीची ७२ तासांत कंपनीला सूचना द्यायचा नियम होता तेव्हाही हेच. पावसात टॉवर बंद पडलेला, माणूस चौथ्या दिवशी रेंजमध्ये येऊन फोन करतो, आणि मी ड्रॉपडाऊनमधून "सूचना मुदतीनंतर" निवडते.

आणि पेपरात काय येतं? "शेतकरी विम्यापासून वंचित", खाली आंदोलनाचा इशारा, निवेदन देतानाचा फोटो. त्या मंडळात उंबरठा किती होता, कापणी प्रयोग कोणत्या गावात झाले, प्रयोगाच्या वेळी गावसमितीचं कोणी हजर होतं का, यातलं काही नसतं. बातमीदाराला दोष देत नाही. त्याच्याकडे एका दिवसात पाच बातम्या असतील. पण मला हे लिहिता येतं असं मला वाटतं, आणि ते न लिहिता रोज आठ तास गप्प बसायचं, याचा आता त्रास होतो.

आता प्रश्न.

शिक्षण घ्यावं की सरळ शिरावं? घराजवळचा पर्याय म्हणजे नागपूर विद्यापीठाचा जनसंवाद विभाग. अमरावतीला आयआयएमसीचं (भारतीय जनसंचार संस्थेचं) केंद्र आहे, तिथे मराठी पत्रकारितेचा पदव्युत्तर पदविका अभ्यासक्रम आहे. पण तो पूर्णवेळ, आणि मुलगी दुसरीत. पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटचा (पुणे विद्यापीठाचा पत्रकारिता विभाग) विचार तर सोडूनच दिला. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून नोकरी सांभाळून करता येईल, पण त्या कागदाला पेपरच्या ऑफिसात किंमत आहे का? की संपादक फक्त कॉपी, म्हणजे लिहिलेली बातमी, बघतात?

पैशाचं कोणीतरी खरं सांगा. तालुका वार्ताहराला मानधन नावापुरतं आणि वर जाहिरातीचं टार्गेट, असं ऐकून आहे. ते मला जमणार नाही. ज्याच्याकडून दिवाळी अंकाची जाहिरात आणायची त्याच्याच कृषी केंद्रातल्या बोगस बियाण्याची बातमी कशी लिहायची बाप्पा? डेस्कवर (आलेल्या बातम्या नीट करून पानात लावतात तिथे) उपसंपादक म्हणून घेतात का या वयात? रात्री एक वाजता सुटणं वगैरे माहीत आहे, त्याची तयारी आहे.

तिसरं सगळ्यात नाजूक. मी आजही विमा कंपनीत आहे. नोकरीत राहून पीकविम्यावर लिहिणं बरोबर आहे का? करारात गोपनीयतेचं कलम आहे.

---

भर (प्रतिसाद वाचल्यावर):

सगळ्यांचे आभार. "आधी नोकरी सोड, मग हिंमत येते" म्हणणाऱ्या दादांना एवढंच की हिंमत आहे, हप्ता पण आहे.

डेस्कवर बरीच वर्षं काढलेल्या एका ताईंचा प्रतिसाद मला सगळ्यात उपयोगी वाटला. त्यांचं म्हणणं असं की पदविकेने दार उघडतं, पण मुलाखतीत वृत्तसंस्थेची इंग्रजी बातमी हातात देतात आणि म्हणतात, वीस ओळीत मराठीत करा, हेडिंग द्या. तिथे भलेभले अडकतात. मी काल रात्री एक करून पाहिली. पहिल्या वाक्यात तीन "द्वारे" आले. सराव लागेल.

पीकविम्याबाबत बहुतेकांचं एकमत दिसतं: नोकरीत असेपर्यंत त्या विषयाला हात लावू नकोस, आणि सोडल्यावरही कंपनीतला एकही कागद वापरू नकोस. पटलं. नियम शासन निर्णयात आहेत. कापणी प्रयोगाची माहिती कृषी आणि महसूल खात्याकडून माहिती अधिकारात मागता येते. १० रुपयांचा स्टॅम्प, एकच विषय, १५० शब्दांच्या आत, आणि ३० दिवसांत उत्तर. १५० शब्दांची अट मला माहीत नव्हती, सांगणाऱ्यांचे खास आभार. पहिला संपादक भेटेल तेव्हाच आपण कुठून आलो हे सांगून टाकायचं, हेही ठरलं.

मग तोवर लिहू काय? इथे कोणीतरी लिहिलंय की नागपुरात बसून शेतीच्या बातम्यांना तोटा म्हणजे नदीकाठी तहान. खरंच आहे. वर्धा रोडला केंद्रीय कापूस संशोधन संस्था, अमरावती रोडला लिंबूवर्गीय फळांची संस्था, कळमन्याचा बाजार. सगळं स्कूटीच्या टप्प्यात. संत्र्याच्या फळगळीवर एक लेख सुरू केलाय. माझे वर्गमित्र कृषी खात्यात आहेत, पण त्यांच्याशी बोलून नाही, आधी कळमन्यात पहाटेच्या लिलावाला जाऊन लिहिणार आहे. आंबिया बहाराच्या संत्र्यांचा ढीग बघून आडत्या कसा दर पुकारतो ते ऑफिसात बसून कळत नाही. लेख झाला की "अ‍ॅग्रोवन"सारख्या शेतीच्या दैनिकाकडे पाठवावा की नागपूरच्या पेपरच्या पुरवणीकडे? नवख्याचं आधी कोण वाचतं?

एकाने डिसेंबरातल्या हिवाळी अधिवेशनाचं सुचवलंय. मुंबईची मंडळी येतात, सिव्हिल लाईन्स गजबजते, पेपरांना आणि चॅनेलांना जादा हात लागतात, तेव्हा रजा टाकून कोणासोबत तरी फिर, असं. कल्पना आवडली, पण विधानभवनात पासशिवाय कोण आत सोडणार? यशवंत स्टेडियमजवळच्या धरणे-मोर्चांपर्यंत जाता येईल, शेतकऱ्यांचे मोर्चे तिथे असतातच. कोणी असं हंगामी काम केलंय का? त्यासाठी पेपरच्या ब्युरोला (बातमीदारांच्या ऑफिसला) कधी भेटावं, ऑक्टोबरात की अगदी तोंडावर?

आणि पैशाच्या प्रश्नाला अजून कोणीच सरळ उत्तर दिलेलं नाही. "पॅशन असेल तर पैसा येतो" असले प्रतिसाद कृपया नकोत. नागपुरात नव्या उपसंपादकाला हातात किती पडतात, आणि बाहेरून लिहिणाऱ्याला एका लेखाचे किती आणि किती महिन्यांनी, एवढं हवंय. इथे लिहायला अवघड वाटत असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, पेपरचं नाव नाही सांगितलं तरी चालेल.