आजारी पडलं की खाडा आणि पगार कट, कायद्यानं काहीच मिळत नाही का?

कुपवाडकर: धाकटा भाऊ कुपवाड एमआयडीसीत फाउंड्रीत आहे, ठेकेदाराकडनं, दोन वर्षं झाली. मागच्या महिन्यात डेंग्यूनं आडवा झाला आणि पगार हातात आला तर सगळ्या दिवसांचा खाडा लावलेला. ठेकेदार म्हणतो काम नाही तर दाम नाही. पण चिठ्ठीवर दर महिन्याला ईएसआयचे, म्हणजे सरकारी कामगार विम्याचे, ९० रुपये कापलेले दिसतात, ते मग कशाचे? आणि बायको सांगलीत विश्रामबागला कापड दुकानात आहे, तिथं कामाला चौघीच, त्यांना काय नियम?

मिरज_जंक्शन: अहो ते ९० रुपये म्हणजेच तुमचं उत्तर. पगार १२ हजार असणार, त्याचे पाऊण टक्का भावाचे आणि सव्वातीन टक्के म्हणजे ३९० मालकाकडचे. २१ हजारापर्यंत पगार असणाऱ्यांना ही स्कीम आहे आणि त्यात नुसता दवाखाना नाही, आजारपणाचे पैसे पण मिळतात, सरासरी रोजाच्या ७० टक्के, वर्षात ९१ दिवसांपर्यंत. हे पैसे ठेकेदार देत नाही, ईएसआय देते, म्हणून त्याच्याशी भांडून उपयोग नाही. रोज ४०० धरला तर २८० पडतात. पहिले दोन दिवस सोडतात, म्हणजे दहा दिवस झोपून असला तर आठ दिवसांचे २२४०. अट एवढीच की आधीच्या सहामाहीत निदान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली पाहिजे. ठेकेदार कापून घेतात आणि पुढं भरतच नाहीत असंही चालतं, तेव्हा विमा नंबर टाकून ऑनलाइन आधी ते बघा. ठेकेदारानं भरलं नसेल तर मूळ कंपनीवर जबाबदारी येते.

पेठेतला_दुकानदार: दुकानाचं मी सांगतो. २०१७ चा राज्याचा दुकानांचा कायदा आहे त्यात वर्षाला ८ दिवस पगारी किरकोळ रजा आहे, २४० दिवस भरले की वीस दिवसांमागं एक हक्काची रजा वेगळी, पण हे सुरुवातीला दहा किंवा जास्त माणसं असलेल्यांना ठेवलं होतं. २०२५ ला तर मंत्रिमंडळानं दहाचं वीस करायला मंजुरी दिली. चौघींच्या दुकानाला काहीच नाही, मालकाची मर्जी. माझ्याकडं तीन पोरं आहेत, ताप आला तर मी कापत नाही, पण महिनाभर कुणी पडला तर मला पण झेपणार नाही, खोटं कशाला बोलू.

कृष्णाकाठ: मर्जीवर चाललंय तेच तर दुखणं आहे ना दादा. अमेरिकेत देशपातळीवर आजारपणाच्या पगारी रजेचा कायदाच नाही, तरी सॅन फ्रान्सिस्को शहरानं २००६ ला मतदान घेऊन स्वतःपुरता केला, ३० तास कामामागं एक तास पगारी आजारपणाची रजा, हॉटेलात भांडी घासणाऱ्याला सुद्धा, आणि घरचं कुणी आजारी असलं तरी चालते. दहापेक्षा कमी माणसं असलेल्या दुकानाला सूट दिली नाही, फक्त साठणाऱ्या रजेला ७२ तासांच्या ऐवजी ४० तासांची मर्यादा ठेवली. लहान दुकानदार बुडेल म्हणून त्याला कायद्यातनंच वगळायचं, हा आपल्याकडचा शहाणपणा.

मिरज_जंक्शन: आपली महापालिका असलं काही करू शकत नाही हो, कामगार कायदे राज्य आणि केंद्राकडं. ती गटारं काढंना, रजा कुठनं देणार.

कुपवाडकर: भावानं खाजगी डॉक्टरकडं दाखवलेलं, ईएसआयकडं गेलाच नाही. आणि आता अर्ज केला तर काढून टाकतील म्हणून घाबरतोय.

मिरज_जंक्शन: दाखला ईएसआयच्या डॉक्टरचा लागतो, तोच मेन घोळ. तरी रक्ताचे रिपोर्ट, बिलं, चिठ्ठ्या, पासबुक सगळं घेऊन जाऊ द्या त्यांच्या ऑफिसात, दुसरा पुरावा मानायचा का ते ठरवू शकतात, पण उशीर नको. आजारपणाचा लाभ चालू असताना कामावरनं काढता येत नाही असं कायद्यातच आहे. नंतर दुसरं कारण काढून काढतील का, तर ठेकेदार आहे तो, काढेल पण. विमा नंबर मात्र भावाचा स्वतःचा असतो, दुसऱ्या ठेकेदाराकडं गेला तरी तोच चालतो, तेवढा लिहून ठेवा.