टेक-ऑफला खिडकीची शेड उघडी ठेवा: सुरक्षा की नुसता सोपस्कार?

लोहगावकर:
मे २०२५ मध्ये डीजीसीएने, म्हणजे आपल्या नागरी विमान वाहतूक नियामकाने, आदेश काढला होता. लष्करी धावपट्टी वापरणाऱ्या विमानतळांवर, विशेषतः पश्चिम सीमेजवळच्या, टेक-ऑफनंतर १०,००० फूट गाठेपर्यंत खिडक्यांच्या शेड बंद. उतरतानाही तेच. सूट फक्त इमर्जन्सी एक्झिटच्या खिडक्यांना. ऑपरेशन सिंदूरनंतरचे दिवस होते, तळांचे फोटो फिरू नयेत हे समजण्यासारखं आहे. पण त्याआधी वर्षानुवर्षं आपण काय ऐकलं? ‘सर, शेड वर करा, सेफ्टीसाठी आहे.’ मग ती सेफ्टी एका कागदानिशी कुठे गेली? माझ्या मते हा सोपस्कार आहे. अमेरिकेत एफएएचा (तिथल्या विमान वाहतूक नियामकाचा) शेड उघडी ठेवण्याचा असा सरसकट नियम नाही, कंपन्यांवर सोडलंय. तिथे काही आभाळ कोसळलेलं नाही. पहाटेच्या फ्लाइटला जरा डोळा लागलेल्या माणसाला हलवून उठवायचं ते कशासाठी?

पंखावरची_सीट:
सेफ्टी कुठे गेली नाही, दोन धोक्यांतला एक त्या वेळी मोठा वाटला इतकंच. आणि एक्झिटच्या खिडक्या उघड्या का ठेवल्या, याचा विचार केलात का?

२२ ऑगस्ट १९८५, मँचेस्टर. बोइंग ७३७ टेक-ऑफसाठी धावत असताना डावं इंजिन फुटलं, तुकड्याने इंधनाची टाकी फाटली. वैमानिकांना वाटलं टायर फुटला किंवा पक्षी धडकला. विमान वळून थांबलं तेव्हा वाऱ्याने आग थेट केबिनवर येत होती. ५५ जण गेले, बहुतेक धुराने. विमानाला मान्यता देताना कंपनीला दाखवावं लागतं की निम्म्या दारांमधूनच, अंधारात, ९० सेकंदांत सगळे बाहेर पडू शकतात. चाचणीत कुठली दारं बंद ते आधी ठरवता येतं. खऱ्या आगीत ते बाहेर बघूनच कळतं.

लोहगावकर:
दाराला खिडकी असते की! क्रू त्यातून बघूनच दार उघडतो. २२-एफ वाल्याची शेड खाली असली तर कुणाचं काय अडतं?

पंखावरची_सीट:
दाराची खिडकी वीतभर. त्यातून दारासमोरचं दिसतं, पण पंखाखाली काय पेटलंय ते दिसेलच असं नाही. शिवाय एअरबस ए-३२० विमानात पंखावरच्या एक्झिटला क्रू बसत नाही. ती झडप तुमच्याआमच्यासारखाच कुणीतरी काढतो, जास्त पाय पसरायला मिळतात म्हणून पैसे मोजून बसलेला.

तर्कटराव:
दिसण्यावर फार भिस्त ठेवू नका. ८ जानेवारी १९८९, इंग्लंडमधलं केगवर्थ. बिघाड डाव्या इंजिनात, वैमानिकांनी बंद केलं उजवं. कॅप्टनने घोषणाही केली की उजव्या इंजिनात बिघाड होता. मागे बसलेल्या अनेकांनी डावीकडे ज्वाळा पाहिल्या होत्या, क्रूपैकी काहींनीसुद्धा. कॉकपिटपर्यंत एकानेही ते पोचवलं नाही. ‘त्यांना माहीतच असणार’ हा आपला लाडका समज. ४७ माणसं मेली. शेडपेक्षा ‘काही वेगळं दिसलं तर लगेच क्रूला सांगा’ हे घोषणेत का नाही?

पंखावरची_सीट:
ते हवंच. पण दिसलं तर सांगणार ना? २ जानेवारी २०२४ चं टोकियोचं हानेदा विमानतळ आठवा. जपान एअरलाइन्सचं विमान धावपट्टीवर तटरक्षक दलाच्या विमानाला धडकून पेटलं. आठपैकी तीनच दारं वापरता आली, इंटरकॉम बंद, क्रू मेगाफोनवर. बाहेर आग कुठे आहे ते बघून दारं निवडली आणि ३७९ च्या ३७९ माणसं बाहेर काढली. (तटरक्षक दलाच्या विमानातले सहापैकी पाच मात्र गेले.)

मधली_सीट_पीडित:
अवांतर: बोइंग ७८७ मध्ये शेडच नसते. बटण दाबून काच गडद होते आणि क्रूला सगळ्या काचा एकदम उजळ करता येतात. खिडकीवाल्यांची मालकी संपली! आम्ही मधले लोक वर्षानुवर्षं त्यांच्या मर्जीवर बाहेर बघतोय.

लोहगावकर:
मग सगळ्या विमानांत तेच बसवा. तोवर निदान कारण तरी सांगा. ‘आग कुठल्या बाजूला आहे ते दिसावं म्हणून शेड उघडी ठेवा’, एवढं एक वाक्य बोललात तर मीही निमूट वर करीन. ‘नियम आहे सर’ म्हणाल तर नाही.

तर्कटराव:
टेक-ऑफआधी ‘आग’ हा शब्द कुठली कंपनी उच्चारेल? आणि उच्चारला तरी निम्म्यांच्या कानात इअरफोन.