मदत हवी आहे: केत्झाल बघायला आईला कोस्टा रिकाला नेतोय

आंबोलीत कर्णा हा पक्षी पाहिल्यापासून आईला त्याचा भाऊबंद केत्झाल बघायचाय. मार्चमध्ये त्याची वीण सुरू असते, म्हणून सान हेरार्दो दे दोताच्या ढगात बुडालेल्या जंगलात तीन दिवस ठेवलेत. मग सारापिकीच्या सखल वर्षावनात, ला सेल्वाला दोन.

अडचण आईच्या गुडघ्यांची. दोता जवळपास २२०० मीटरवर आहे, वाटा ओल्या, चढाच्या. मागच्या एका सहलीत गाईड गटाला घेऊन पुढे निघून गेला. आई गळ्यात दुर्बीण घेऊन वळणावर एकटीच उभी होती. ते अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

स्कोप (तिपाईवरची मोठी दुर्बीण) घेऊन येणारा, फक्त आम्हा दोघांसाठीचा गाईड कुणी घेतलाय का? दिवसाला किती पडले? केत्झाल ज्यांची फळं खायला येतो ती रानटी अवोकाडोची झाडं रस्त्यालगत, बसून बघता येतील अशी आहेत का?