मदत हवी आहे: आईच्या मधुमेहाच्या तपासण्या, वाळपई ते बांबोळी

आई ६२ वर्षांची, वाळपईजवळ राहते. मधुमेह जुना, आता रक्तदाबही. मेटफॉर्मिन (साखरेची गोळी), अॅम्लोडिपिन (रक्तदाबाची) नियमित चालू. उपाशीपोटीची साखर १२० च्या आसपास येते म्हणून घरचे निर्धास्त. पण एचबीए१सी ८.४ आली, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर जास्तच. मला खरी काळजी पायांची आहे. तळवे बधिर झालेत, चालताना चप्पल निसटली तरी तिला कळत नाही. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) ठीक आहे. डोळ्यांचा पडदा आणि लघवीतलं अल्ब्युमिन मात्र कधीच तपासलेलं नाही. दीनदयाळ कार्ड (गोवा सरकारच्या आरोग्य विम्याचं) आहे. बस बदलत न्यावं लागतं, त्यात तपासणीसाठी डोळ्यांत थेंब घातल्यावर धूसर दिसतं, म्हणून सगळं एकाच फेरीत उरकायचंय.

गोमेकॉत (बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज) नेत्र आणि मेडिसिन ओपीडी एकाच दिवशी होतात का? आणि वाळपईच्या सरकारी इस्पितळाची चिठ्ठी लागते का?